तेवीस वर्षांची उधारी
प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी वक्ता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या दुकानात गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. मीटर, थान आणि खतावणी यांच्यापलीकडे माझे ज्ञान फारसे जात नाही. त्यामुळे मी व्यापारावरच काही बोलेन, असा आपला समज असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या एका विषयावर आजोबा आणि नातू एकाच सतरंजीवर बसून सारख्याच उत्साहाने वाद घालतात, तो विषय क्रिकेटचा. म्हणून मी आज एका क्रिकेटपटूविषयी बोलणार आहे. खेळाडू म्हणून त्यांचे नाव तुमच्यापैकी अनेक तरुणांनी कदाचित ऐकले नसेल; प्रशिक्षक म्हणून मात्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले आहे. ते म्हणजे श्री. चंद्रकांत पंडित.

पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. म्हणजे ते माझ्याच पिढीचे. क्रिकेटचे धडे त्यांनी कै. रमाकांत आचरेकर सरांकडे गिरवले. आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचा केवळ एक सामना खेळले. पण शिवाजी पार्कच्या त्या मैदानावर त्यांनी जे विद्यार्थी घडवले, त्यांच्यामुळे सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्याची तोंडभर स्तुती करणे सरांच्या स्वभावातच नव्हते. पंडित यांच्या पुढील आयुष्यात जी करडी शिस्त दिसते, तिचे मूळ मला या मैदानात दिसते.

त्या काळातील क्रिकेटपटूची आर्थिक स्थिती तरुणांनी समजून घ्यावी. तेव्हा आयपीएल नव्हते, लिलाव नव्हता. सामन्याच्या मानधनावर घर चालत नसे. खेळाडू बँकेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी करीत आणि त्या कंपनीच्या संघातून टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा खेळत. मफतलाल आणि निर्लॉन ही नावे आम्हा कापडवाल्यांना व्यापारामुळे परिचयाची. पण त्यांचे क्रिकेट संघही तितकेच नामांकित होते. खुद्द सुनील गावसकर निर्लॉनमध्ये नोकरीला होते. अशा काळात यष्टिरक्षक आणि फलंदाज म्हणून पंडित यांनी मुंबईच्या संघात स्थान मिळवले. ज्या संघातील प्रत्येक जागेसाठी चार-चार उमेदवार रांगेत उभे असत, त्या संघात टिकून राहणे हीच एक परीक्षा होती.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. मोहिंदर अमरनाथ जखमी असल्याने ही संधी आली आणि तीही केवळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. भारताने तो सामना २७९ धावांनी जिंकला. पुढील वर्षी, १९८७ च्या विश्वचषकात, वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पंडित यांनी २४ धावा केल्या. भारत मात्र ३५ धावांनी हरला. मोरे ४९ कसोटी सामने खेळले, पंडित ५. एकदिवसीय सामने ३६. यष्टिरक्षकाची जागा संघात एकच असते. त्या जागेवर गुणी माणूस बसलेला असेल, तर दुसऱ्या गुणी माणसाने वाट पाहण्यावाचून काय करावे? पंडित यांनी देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावा करीत राहण्याचे काम केले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी ८ हजारांहून अधिक धावा आणि २२ शतके केली.

मुंबईनंतर ते आसामकडून आणि पुढे मध्य प्रदेशकडून खेळले. परराज्यातून येऊन खेळणाऱ्या अशा अनुभवी खेळाडूला रणजीच्या परिभाषेत ‘व्यावसायिक’ खेळाडू म्हणतात. त्याच्याकडून अपेक्षा दुहेरी असते. स्वतः धावा करायच्या आणि स्थानिक मुलांना आपल्याबरोबर वर उचलायचे. माझ्या मते पंडित यांच्यातील प्रशिक्षकाची घडण येथेच, हातात बॅट असतानाच सुरू झाली.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो.

मध्य प्रदेशला क्रिकेटची मोठी परंपरा आहे. इंदूरच्या होळकर संघाने, कर्नल सी. के. नायडू यांच्यासारख्या खेळाडूंच्या बळावर, १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात ४ वेळा रणजी करंडक जिंकला होता. परंतु मध्य प्रदेश या नावाने करंडक एकदाही आलेला नव्हता. १९९८-९९ च्या हंगामात पंडित यांच्या नेतृत्वाखाली हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. सामना बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, प्रतिस्पर्धी यजमान कर्नाटक. कर्नाटकाने पहिल्या डावात ३०४ धावा केल्या. मध्य प्रदेशने ३७९ धावा करून ७५ धावांची आघाडी घेतली.

ज्यांना रणजीचे नियम ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. म्हणजे पंडित यांच्या संघाने केवळ न हरता सामना संपवला असता, तरी करंडक त्यांचाच होता. कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ धावा केल्या. मध्य प्रदेशसमोर २४७ धावांचे लक्ष्य आले; पण ते गाठण्याची सक्ती नव्हती, खेळपट्टीवर उभे राहणे पुरेसे होते. शेवटच्या दिवशी कर्नाटकाच्या विजय भारद्वाज यांनी २४ धावांत ६ बळी घेतले. मध्य प्रदेशचा डाव १५० धावांत आटोपला. ९६ धावांनी पराभव झाला. हातात आलेला करंडक निसटला आणि संघाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित.

मी हा निकाल दुसऱ्या दिवशी दुकानात वर्तमानपत्रात वाचला आणि क्षणभर हळहळून पान उलटले. आपल्यासाठी ती एक बातमी होती. ज्याच्या नावावर ती जमा झाली, त्याच्यासाठी ती उधारी होती, आणि तीही विचित्र प्रकारची. व्यापारात उधारी बुडाली तर पुढच्या हंगामात दुप्पट मेहनत करून ती भरून काढता येते. खेळाडूला वयाची मर्यादा असते. तेव्हा पंडित ३७ वर्षांचे होते. तो सामना स्वतःच्या हाताने पुन्हा खेळण्याची संधी त्यांना मिळणार नव्हती आणि मिळालीही नाही.

अशा वेळी माणसापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ‘नशीब’ म्हणून वही मिटवून टाकणे आणि दुसरा म्हणजे चूक कोठे झाली ते शोधणे. पंडित यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून जे केले, त्यावरून त्यांनी कोणता मार्ग धरला हे दिसते.

खेळणे थांबवल्यावर ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन हंगाम मुंबईने रणजी करंडक जिंकला. अनेक वर्षांनी ते पुन्हा मुंबईकडे आले आणि २०१५-१६ मध्ये, पुण्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्रावर एक डाव व २१ धावांनी मात करून मुंबईने ४१ वा करंडक मिळवला. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूर येथील अंतिम सामन्यात गुजरातने ३१२ धावांचे लक्ष्य गाठून मुंबईला ५ गड्यांनी हरवले. आदल्या वर्षी विजेता, या वर्षी उपविजेता. तरीही त्या हंगामानंतर मुंबईचे प्रशिक्षकपद पंडित यांच्याकडे राहिले नाही.

आता लक्षात घ्या, मुंबईला करंडक जिंकून दिला, तर लोक म्हणतात की मुंबई होती म्हणून जिंकली. गुणवत्ता तयार होती, प्रशिक्षकाने फक्त बाकावर बसायचे काम केले. हा आक्षेप अगदीच चुकीचा आहे असे नाही. म्हणून त्यांच्या पुढील नियुक्तीला महत्त्व आहे. ते विदर्भाकडे गेले. विदर्भाने तोपर्यंत रणजीची अंतिम फेरी एकदाही गाठली नव्हती.

२०१७-१८ च्या त्या हंगामात फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवले. त्या सामन्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या रजनीश गुरबानी या तरुण वेगवान गोलंदाजाने १२ बळी मिळवले. अंतिम सामना पुन्हा इंदूरला, दिल्लीविरुद्ध. गुरबानीने पहिल्या डावात हॅट्ट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक होती. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गड्यांनी विजय मिळवला. पुढच्या वर्षी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला.

मार्च २०२० मध्ये पंडित यांच्याकडे मध्य प्रदेशची जबाबदारी आली. ज्या संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी १९९९ चा सामना गमावला होता, तोच हा संघ. लगेच कोरोनाची साथ आली आणि २०२०-२१ ची रणजी स्पर्धाच झाली नाही. पंडित यांच्या प्रशिक्षणाच्या पद्धतीविषयी पुढे बरेच लिहिले गेले. वेळेबाबत कठोर, ड्रेसिंग रूममध्ये मोबाइलला मज्जाव, सरावाची शिबिरे दीर्घ आणि कष्टाची. कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठीदेखील मोजकीच सुट्टी मिळाली, हा किस्सा तेव्हा वर्तमानपत्रांत गाजला.

आणि जून २०२२ मध्ये मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला. मैदान तेच, बंगळूरचे चिन्नास्वामी स्टेडियम. समोर होती ४१ वेळचा विजेता असलेली मुंबई, म्हणजे पंडित यांचे माहेर. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर हे मध्य प्रदेशचे दोन नामवंत खेळाडू भारतीय संघासोबत असल्याने उपलब्ध नव्हते. मुंबईने सरफराज खानच्या १३४ धावांच्या जोरावर ३७४ धावा केल्या. उत्तरादाखल यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६ आणि रजत पाटीदार १२२ अशी तीन शतके झळकली. मध्य प्रदेशच्या ५३६ धावा झाल्या. आघाडी १६२ धावांची.

बंधूंनो, येथे २३ वर्षांपूर्वीचाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. पहिल्या डावाची आघाडी हातात आहे, सामना अनिर्णित ठेवला तरी करंडक आपला आहे. या वेळी काय झाले? शेवटच्या दिवशी मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत गुंडाळण्यात आला. डावखुऱ्या फिरकी गोलंदाज कुमार कार्तिकेयने ४ बळी घेतले. १०८ धावांचे लक्ष्य ४ गडी गमावून गाठण्यात आले. ६ गड्यांनी स्पष्ट विजय. आघाडीच्या आधारावर तांत्रिक विजय घेण्याची वेळच आली नाही. १९९९ मध्ये संघाजवळ आघाडी होती आणि तिचे रक्षण करता करता सामना गेला. २०२२ मध्ये संघ आघाडी विसरून शेवटच्या चेंडूपर्यंत नवा सामना खेळत राहिला. पंडित यांनी पराभवातून काय शिकले याचे उत्तर मला या धावफलकात मिळते.

विजयानंतर मैदानात उतरलेल्या या कठोर माणसाच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते आणि खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले होते. ती छायाचित्रे आपण पाहिली असतील. उधारी वसूल झाली, पण ती वसूल करणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यांपैकी काही मुलांचा तर १९९९ मध्ये जन्मही व्हायचा होता किंवा ती पाळण्यात होती. त्यांच्यासाठी तो सामना म्हणजे जुनी गोष्ट. त्यांना आपल्या सरांचे कर्ज फेडायचे नव्हते, त्यांना स्वतःचा पहिला करंडक जिंकायचा होता. चांगल्या प्रशिक्षकाचे कसब मला येथे दिसते. आपले दुःख त्याने विद्यार्थ्यांच्या डोक्यावर लादता कामा नये, त्यातून मिळालेली समज मात्र त्यांना दिली पाहिजे. आपण वडीलधारी मंडळी पुष्कळदा याच्या उलट करतो. आपले अपुरे राहिलेले शिक्षण, न झालेली डॉक्टरकी, न उघडलेली शाखा मुलांच्या खांद्यावर ठेवतो आणि ती का निसटली हे सांगायचे मात्र टाळतो. मीही हे केले आहे. मोठ्या मुलाने सी.ए. व्हावे असा माझा हट्ट होता, कारण मला ते होता आले नाही. मला का होता आले नाही, हे मात्र मी त्याला कधीच प्रामाणिकपणे सांगितले नाही.

चित्र एकांगी होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने पंडित यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती केली. २६ मे २०२४ रोजी चेन्नई येथे सनरायझर्स हैदराबादला ८ गड्यांनी हरवून कोलकात्याने आयपीएलचे विजेतेपद मिळवले. गौतम गंभीर तेव्हा संघाचे मार्गदर्शक होते. त्याच वेळी, पंडित यांची शिस्त काही परदेशी खेळाडूंना जाचक वाटते, अशी चर्चाही उघडपणे झाली. पुढचा हंगाम निराशाजनक गेला आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. जी शिस्त नागपूर-इंदूरच्या होतकरू मुलांना घडवते, ती जगभर खेळून आलेल्या अनुभवी माणसाला सोसवेलच असे नाही. प्रत्येक कापडाला इस्त्रीची उष्णता सारखी चालत नाही, हे आम्ही धंद्यात रोज पाहतो. पंडित यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मी हे म्हणतो.

मग शिक्षकाचे मोजमाप कशाने करावे? त्याने जिंकलेल्या करंडकांनी? ते आकडे तर डोळे दिपवणारे आहेत. मुंबईचे ३, विदर्भाचे २, मध्य प्रदेशचा १, असे ६ रणजी करंडक एका प्रशिक्षकाच्या काळात आले. परंतु मला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो आणि तो पंडित यांच्या नावावर लिहिला जात नाही. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने नागपुरात केरळविरुद्ध तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. तेव्हा पंडित तेथे नव्हते. त्यांना तो संघ सोडून पाच वर्षे झाली होती. जिंकण्याची सवय मात्र तेथे राहिली होती. अर्थात त्याचे श्रेय नव्या प्रशिक्षकांचे आणि खेळाडूंचेच आहे. परंतु आपण निघून गेल्यावरही दुकान नीट चालले, तर बसवणाऱ्याने घडी नीट बसवली होती असे आपण म्हणतोच ना?

शेवटी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो आणि थांबतो. जून २०२२ च्या त्या सायंकाळी चिन्नास्वामीच्या मैदानावर सर्वांच्या नजरा पंडित यांच्याकडे होत्या. पराभूत मुंबईच्या प्रशिक्षकाकडे कोणाचे लक्ष गेले असेल? त्यांचे नाव अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नाही. त्या दिवशी त्यांच्या खात्यावर आणखी एक पराभव जमा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौर यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला. ते दृश्य आपण सर्वांनी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिले आहे.

म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघातून वगळली गेली, परीक्षेत दोन गुणांनी मागे पडली, तर लगेच शिक्षकांना दूरध्वनी करू नका. त्या रात्री मुलाजवळ बसा. कोठे चुकले ते त्याला स्वतः शोधू द्या आणि जमल्यास आपलीही एखादी जुनी चूक त्याला सांगा. आणि युवक मित्रांनो, तुमच्या घरातील वडीलधारी मंडळी एखाद्या गोष्टीबाबत फार कठोर वाटली, तर त्यांना एकदा विचारून पाहा की त्यांचा १९९९ चा सामना कोणता होता. मी या वर्षी माझ्या मुलाला माझा सामना सांगितला. तो बराच वेळ ऐकत होता.

 कळत-नकळत कोणाचे मन दुखावेल असे काही बोलण्यात आले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!